क्षमा झाली, पण तसं वाटत नाही?

बरेच तरुण विश्वासणारे एक प्रश्न हळूच, बाजूला घेऊन विचारतात : "देवाने मला क्षमा केली हे कळायचं कसं? मला तर तसं काही वाटतच नाही." आज त्यावरच बोलू. त्यासाठी जर्मनीत जावं लागेल, पाचशे वर्षं मागे.

मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात गेला. तेव्हाचा नियम असा, की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे आपली सगळी गंभीर पापं सांगायची. ल्यूथर तर तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा. बाहेर पडला की आणखी एखादं आठवायचं, की परत आत! त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ पार वैतागायचे, पण माणूस प्रेमळ. ते त्याला सांगायचे, स्वतःकडे बघू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ.

अडचण कुठे होती बघा. यादी पूर्ण झाली का? पश्चात्ताप खरा होता का? सगळी भिस्त आपल्यावरच. मग शांती मिळणार कुठून?

पुढे याच माणसाने पापांगीकार बंद केला असेल असं वाटतं ना? नाही केला. त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत पापांगीकाराचे दोन भाग येतात : आपण पाप कबूल करायचं, आणि पाळकाच्या तोंडून क्षमा ऐकायची, ती जणू देवानेच दिली असं समजून. भर दुसऱ्या भागावर. १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रात तर स्पष्टच आहे, की ही खाजगी क्षमा चालू ठेवावी, पण प्रत्येक पाप मोजून सांगायची गरज नाही.

आता मला सगळ्यात भावणारी गोष्ट. जुलै १५२७ मध्ये ल्यूथर भयंकर खचला, शरीराने आणि मनानेही. तेव्हा त्याने विटेनबर्गचे पाळक बुगेनहागेन यांना बोलावून पापांगीकार केला. अरे, ज्याने अख्खा नवा करार जर्मन भाषेत आणला, त्याला क्षमेची वचनं पाठ नव्हती का? होती की! पण आपणच आपल्याला "झाली क्षमा" म्हटलं, तर मन लगेच उलटून विचारतं, "कशावरून?" दुसऱ्याच्या तोंडून आलेलं वचन आपल्या मूडवर चालत नाही. ते बाहेरून येतं.

बाप्तिस्म्याचंही तसंच. आज माझा विश्वास किती टक्के, हे मला सांगता येणार नाही. पण बाप्तिस्मा झाला, हे घडून गेलंय. प्रभुभोजनात "तुमच्यासाठी" हा शब्द ऐकू येतो, त्यावर ल्यूथरने एवढा जोर दिला तो उगाच नाही.

कुणी म्हणेल, मग स्वस्तात सुटलो! स्वस्तात कसलं? किंमत ख्रिस्ताने दिली. आणि हो, झोप उडाली असेल, सतत धडधड होत असेल, तर डॉक्टरकडेही जा. त्यात अविश्वास नाही.

रविवारी उपासनेत पापांगीकारानंतर पाळक क्षमा जाहीर करतात. नेमके तेव्हाच आपण मोबाईल सायलेंट केला का ते बघत असतो. त्या वेळी कान देऊन ऐका. तरीही एखादी गोष्ट टोचत राहिली तर पाळकांना एकटे भेटा. यादी नको, जे टोचतंय तेवढंच सांगा. ऐकलेलं त्यांनी बाहेर बोलायचं नसतं. मग गप्प बसा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

पुढच्या एपिसोडमध्ये बाप्तिस्म्यावर सविस्तर बोलू. भेटूच.