वेड हें भूत नव्हे, आजार आहे



आज आम्ही प्रथम आमचाच अपराध सांगणार आहों. आमच्या घरांतील एक तरणाबांड गडी एका पावसाळ्यांत अन्नपाणी टाकून बसला, एकटाच बडबडूं लागला. आम्हीं त्याला देवऋषाकडे नेलें. अंगारेधुपारे झाले, दोन शेळ्या विकल्या. शेवटीं बैलाच्या साखळीनें त्याला गोठ्यांत बांधिला. ताप आला तर आपण माणसाला बांधतों काय?

प्रत्येक विक्षिप्त वागणें म्हणजे वेड नव्हे. मयतीनंतर रडणें, पीक बुडाल्यावर झोंप उडणें हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु दुःख किंवा भ्रम आठवडेच्या आठवडे हटत नाहीं, कामधंदा सुटतो, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला अपाय करूं पाहतो, तेव्हां तो आजार समजावा. त्याचें मूळ कधीं मेंदूंत, कधीं आनुवंशिकतेंत, कधीं आयुष्यांतील आघातांत असतें. बहुधा हीं कारणें एकत्रच असतात.

हा विचार नवा नाहीं. सुमारें २४०० वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील हिपॉक्रेटिसाच्या परंपरेंतील वैद्यांनीं लिहून ठेविलें, कीं फेंफरें हा देवाचा कोप नसून मेंदूचा रोग आहे. तरीही पुढें शेंकडों वर्षें वेड्यांना साखळदंडच मिळाले.

ते साखळदंड तोडणारा एक पुरुष कोण होता? कातडीं कमावणारा एक कारागीर! फ्रान्समधील ज्यां-बाप्तिस्त प्युसँ हा गंडमाळेच्या दुखण्यानें पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयांत आला, बरा झाला आणि तेथेंच चाकरीस राहिला. पुढें वेड्यांचा विभाग त्याच्या हातीं आला. त्यानें नोकरांना रोग्यांस मारण्याची बंदी केली, बऱ्या झालेल्या रोग्यांनाच सेवेस ठेविलें आणि १७९७ सालीं साखळ्या काढविल्या. अनावर रोग्यांसाठीं कापडी बंद ठेवावे लागले, हेंही खरें. परंतु चित्रांत साखळ्या काढविणारे म्हणून झळकले ते डॉक्टर फिलिप पिनेल! पिनेल यांनीं मात्र आपल्या ग्रंथांत प्युसँचें ऋण मान्य केलें. शहाणपण पदवीवाल्याच्याच घरीं जन्मतें असें नाहीं, हें आपण कष्टकऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

शास्त्र पुढें गेलें. १९१३ सालीं एका प्रकारच्या वेडानें मेलेल्या रोग्यांच्या मेंदूंत गरमीचे जंतू सांपडले. ज्याला लोक पापाचें फळ म्हणत, त्याचें कारण सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें. १९५२ सालीं पॅरिसमध्येंच भ्रमावरील पहिलें परिणामकारक औषध वेड्यांच्या रुग्णालयांत वापरांत आलें.

आणि आपल्या देशांत? ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी गांवीं रोग्यांच्या झोपडीला आग लागली. बहुतेकांच्या पायांत साखळ्या होत्या, पळतां येईना. २८ जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनोरुग्णाला साखळीनें बांधण्याची मनाई केली आहे. परंतु कायदा गोठ्यांत येऊन साखळी सोडीत नाहीं. ती आपणच सोडावी लागते.

आमचा गडी अखेर सरकारी दवाखान्यांत गेला. औषध नेमानें घेतल्यावर कांहीं महिन्यांनीं तो पुन्हां नांगरास लागला. पायावरचा वण राहिला. तो आमच्या अज्ञानाचा वण आहे.

म्हणून सांगणें इतकेंच: घरांत असें दुखणें आलें तर लाजूं नका, लपवूं नका, मारूं नका. जिल्हा रुग्णालयांत न्या, किंवा सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर विचारा. नवसाचे पैसे औषधाला आणि दुधाला लावा. औषध मधेंच बंद करूं नका. आणि बैलाची साखळी बैलालाच राहूं द्या.