कागेश्वराने आणलेली माती
(व्याख्यानाचा संपादित अंश)



मेळघाट म्हटले की अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित माणसाला दोन गोष्टी आठवतात : चिखलदऱ्याचे धुके आणि कुपोषणाच्या बातम्या. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरांत राहणाऱ्या कोरकू समाजापाशी मात्र आणखी एक गोष्ट आहे, अगदी शब्दशः गोष्ट.

आरंभी सातपुडा निर्मनुष्य होता. रावणाला ते पाहवेना. त्याने महादेवाला विनवले. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधावयास धाडले. त्या मातीचे दोन पुतळे घडले. इंद्राच्या घोड्यांनी ते तुडविले. मग महादेवाने कुत्रा निर्माण केला. त्याने घोडे हुसकावले आणि नव्या पुतळ्यांत प्राण आले. तेच मुला आणि मुलाई, कोरकूंचे आदिम माता-पिता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी ही कथा १९१६ साली ग्रंथात नोंदविली. 

रावणाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्यावी. जो समाज महादेवाला कर्ता मानतो, तोच होळीच्या दिवसांत मेघनाथाचा खांबही पूजतो. त्याला आपल्या चौकटीत बसविण्याची घाई करण्यापेक्षा त्याचे ऐकून घेणे अधिक शहाणपणाचे.

या कथेत माणूस वारुळाच्या मातीचा आहे, कावळा दूत आहे, कुत्रा राखणदार आहे. कोरकू भाषेत वाघ म्हणजे 'कुला'. त्याला 'कुला मामा' म्हणतात. मामा म्हटल्यावर भीती राहतेच, पण वैर उरत नाही. सिपना नदीच्या नावात साग आहे, जांबू कुळाच्या नावात जांभूळ. ही भाषा मुंडा कुळातील. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. म्हणून तिच्यातला शब्द गेला की अनुवादाने तो परत येत नाही.

१९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी जंगल निवांत हवे, हे खरेच. या शतकात बोरी, कोहा, कुंड आणि पुढे केलपाणी, गुल्लरघाट अशी गावे उठून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर वसली. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसनाच्या तक्रारी घेऊन काही कुटुंबे जंगलात परतली आणि संघर्ष झाला. मोबदल्याचा हिशेब माणशी, घरटी होतो. गोष्टीचा होत नाही. ज्या झाडाखाली, ज्या नाल्याकाठी ती सांगितली जाई, ते झाड नव्या गावठाणात नाही. नातवाला सिपना दाखवायची कोठून?

२०११ च्या जनगणनेत कोरकू भाषकांची संख्या सव्वासात लाखांच्या घरात होती. सांगणारे अजून आहेत. अकोट-तेल्हाऱ्याच्या या नव्या वस्त्यांतील शाळांनी आठवड्यातून एक तास आजी-आजोबांना वर्गात बोलवावे. त्यांनी कोरकूतच सांगावे, मुलांनी देवनागरीत उतरवून घ्यावे, झाडांची नावे जशीच्या तशी. गुरुजींनी मध्ये बोलू नये.