मेंदूचे विकार आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील आपण सर्वजण वर्षातून एकदा येथे जमतो, गुणवंत मुलांचा सत्कार करतो, सोयरिकीच्या गोष्टी काढतो. अशा मंगलप्रसंगी मी दुखण्याचा विषय काढणार आहे, याबद्दल कोणी राग मानू नये. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक; वैद्यक हा माझ्या अधिकाराचा प्रांत नव्हे. परंतु जाणत्या लोकांच्या ग्रंथांतून जे वाचले व समजले, ते आपल्या भाषेत आपणांपुढे ठेवणे हे शिक्षकाचे कामच आहे.

हात मोडला तर आपण तो गळ्यात बांधून चारचौघांत हिंडतो. त्याची लाज वाटत नाही. परंतु घरात कोणाला फेफरे आले, बाळंतीण भलतेसलते बोलू लागली, कमावता मुलगा कोपऱ्यात बसून राहिला, की आपण प्रथम दार लावून घेतो आणि मग भगताकडे जातो. चेष्टेने एखाद्यास “याला ठाण्याला पाठवा” असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. इतक्या जुन्या रुग्णालयाच्या गावाचे नाव आपण शिवीसारखे वापरावे, यातच आपल्या समजुतीचे माप दिसते. हात हे जसे शरीराचे अंग, तसाच मेंदू हेही एक अंग आहे आणि तेही आजारी पडते, एवढीच गोष्ट मला आज सांगावयाची आहे.

माणसाचा मेंदू वजनाने सुमारे १४०० ग्रॅम असतो. शरीराच्या वजनाचा हा पन्नासावा भाग. परंतु विसावा घेत असलेल्या शरीराच्या शक्तीपैकी पाचवा हिस्सा तो एकटाच खर्च करतो. वरचा मोठा मेंदू विचार, भाषा व हालचालींची आज्ञा पाहतो. मागील बाजूचा लहान मेंदू तोल सांभाळतो. खालचा मस्तिष्कस्तंभ श्वास आणि हृदयाची गती राखतो. यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. या पेशी एकमेकींस सहसा चिकटलेल्या नसून त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. पूल नसलेल्या नदीच्या काठापर्यंत गाडीने यावे आणि पैलतीरी होडीने उतरावे, तसा निरोप पेशीच्या टोकापर्यंत विजेच्या रूपाने येतो व पुढची फट रासायनिक द्रव्याच्या होडीने ओलांडतो. १९२१ साली ओटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून मज्जातंतू रसायनाच्या द्वारे निरोप देतात हे दाखविले. त्यास १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या द्रव्यांना आपण संदेशवाहक द्रव्ये म्हणू. होड्या कमी पडल्या, अधिक झाल्या किंवा पैलतीरीचा धक्का बिघडला, तर व्यवहार विस्कळीत होणारच.

आता जी गोष्ट सांगतो, ती आपल्या सह्याद्रीच्या रानाशी नाते सांगणारी आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपले वैद्य पूर्वापार उन्मादावर देत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणाविषयी लेख लिहिला. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपला अनुभव विलायतेतील नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी सशांस रिसर्पिन दिले. ससे निश्चल होऊन पडले. कारण त्या औषधाने मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिता केला होता. मग त्यांनी लेव्होडोपा टोचले, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत लेव्होडोपापासून डोपामीन हे संदेशवाहक द्रव्य तयार होते. हा प्रयोग १९५७ सालचा. २००० साली कार्लसन यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

यावरून कंपवाताचे कोडे सुटू लागले. मेंदूच्या मध्यभागी काळसर रंगाच्या पेशींचा एक पुंजका आहे. त्या पेशी डोपामीन बनवितात. त्या झिजल्या की हात कापतो, पाऊल अडखळते, चेहरा निर्विकार होतो. १९६० साली व्हिएन्ना येथे अशा रोग्यांच्या मेंदूंत डोपामीनची तूट आढळली आणि पुढील वर्षी रोग्यांना लेव्होडोपा देऊन पाहण्यात आले. हेच लेव्होडोपा आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत असते! जिच्या शेंगेची लव लागताच गुराखी अंग खाजवीत सुटतो, तीच ही वेल. १९७८ साली मुंबईच्या डॉक्टर अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवातावरील तिच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. परंतु म्हणून कोणी ही बी कुटून म्हाताऱ्यांना देऊ नये. मात्रा चुकली तर भ्रम होतो. सर्पगंधेने रक्तदाब फाजील उतरतो आणि मन खचते. रानात औषध आहे हे खरे. पण ते मोजून देणारा डॉक्टरच हवा.

इतर विकारांचेही थोडक्यात सांगतो. मेंदूत काही द्रव्ये चेतविणारी, तर गाबासारखी काही आवरणारी असतात. हा तोल ढळून अनेक पेशींत एकदम विजेचे वादळ उठते, तेच फेफरे होय. वर्गात एखादे मूल बोलता बोलता काही क्षण शून्यात पाहत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही. तेही कधी कधी याच विकाराचे लक्षण असते, आणि आपण त्यास बेपर्वा समजून छडी उगारतो. भास होणे, कोणी आपल्यावर टपले आहे असे वाटणे, या विकारात डोपामीनचा व्यवहार बिघडलेला असतो. १९५२ सालापासून वापरात आलेली औषधे तो काबूत आणतात. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात स्मरणाच्या भागांतील पेशी नष्ट होत जातात. खिन्नतेच्या विकारावर सेरोटोनिनशी संबंधित औषधे उपयोगी पडतात. तथापि एका द्रव्याची तूट एवढेच त्याचे कारण नव्हे. कर्ज, शोक, व्यसन, घरातील जाच यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून गोळीबरोबर माणसांचा आधारही हवा.

मग आपले कर्तव्य कोणते? फेफरे आलेल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. योग्य उपचाराने दहापैकी सुमारे सात रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. औषध मात्र स्वतःच्या मर्जीने बंद करू नये. श्रद्धेस माझा विरोध नाही. म्हशाच्या यात्रेत नवस जरूर फेडावा; परंतु त्या दिवशीही गोळी चुकवू नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली रोग्यास मारणे, बांधणे, चटके देणे हा तर २०१३ च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हाच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा रोग्यास उपचाराचा व सन्मानाचा हक्क दिला आहे. सरकारने २०२२ साली १४४१६ या क्रमांकावर सल्ल्यासाठी दूरध्वनी सेवाही सुरू केली.

शेवटी सोयरिकीचा प्रश्न. मुलीला फेफरे येते हे लपवून लग्न लावले जाते. सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या टाकून देते, आणि चुलीपाशी किंवा विहिरीवर झटका येतो. ही लपवाछपवी प्रसंगी प्राणावर बेतते. हिंदू विवाह कायद्यातील फेफऱ्याची अडचण १९९९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने जे क्षमेस पात्र नव्हे तर मुळी दोषच नव्हे असे मानले, ते आपण ज्ञातीने का मानू नये? स्थळ पाहताना दुखणे मोकळेपणी सांगावे, आणि सांगितलेले ऐकून नाक मुरडू नये. सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा हाच कुळाचा चांगुलपणा समजावा.

या ठिकाणी जमलेल्यांपैकी कोणाच्या घरी असे दुखणे असेल, तर त्यांनी दार उघडावे. आणि शेजाऱ्यांनी त्या दारातून विचारपूस करावयास आत जावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.