मागचे चाक का तापते?



आज मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? ब्रेक बिघडला तर मिस्त्री आहे की! आहे, खरे. पण मिस्त्री बसला बदलापूरच्या नाक्यावर आणि चाक तापले बारवी धरणाच्या रस्त्यावर. मग काय करायचे?

आपल्याकडे मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिली नाही. दूधवाला तिच्यावर कॅन बांधतो. भाजीवाला पाट्या बांधतो. अंबरनाथच्या कारखान्यात पाळीला जाणारा गडीही तिच्यावरच जातो. समजा, ४० लिटरचे दोन कॅन लादले. नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोच्या वर गेले. त्यावर माणूस. हे सारे ओझे थांबवायचे काम ब्रेकाचे.

ब्रेक गाडी थांबवतो कसा? दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा. ऊब लागली ना? तेच इथे होते. मागच्या चाकाच्या मधोमध डब्यासारखा गोल ड्रम असतो. त्याच्या आत अर्ध्या चंद्रासारख्या दोन पट्ट्या असतात. बाजारात त्यांना लायनर म्हणतात. पायाखालचे पायडल दाबले की एक सळई ओढली जाते. सळई लिव्हर ओढते. लिव्हर आतला कॅम फिरवतो. कॅम लायनरना बाहेर रेटतो. लायनर ड्रमला घासतात आणि चाक थांबते. पाय उचलला की आतल्या स्प्रिंगा लायनरना परत मागे ओढतात.

घासले की गरम होणारच. म्हणून ब्रेक लावल्यावर ड्रम थोडा तापला तर घाबरू नये. पण ब्रेक न लावताच तापला तर? मग समजावे की ब्रेक सुटत नाही. ब्रेक धरतो का, एवढेच आपण बघतो. सोडतो का, ते कोणी बघत नाही. न सुटलेला ब्रेक पेट्रोल खातो. गाडी ओढत नाही. जळका वास येतो. तापून तापून लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात, आणि ऐन वेळी, समोर पोर आडवे आले असता, धरत नाहीत.

आता पारख कशी करायची ते पाहू. मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. मागचा ब्रेक लावू नका. थांबताना पुढचा ब्रेक हलकेच लावून थांबा. ड्रमला हात लावू नका, भाजेल. बोटांनी पाण्याचे दोन थेंब त्यावर शिंपडा. चर्र आवाज झाला की ओळखा, चाक आतून घासते आहे.

अशा वेळी पुष्कळ जण आधी नवे लायनर घालतात. उल्हासनगरच्या बाजारात ते स्वस्तही मिळतात. माझे मत विचाराल तर आधी पायडलापासून चाकापर्यंत एकेक कडी तपासावी. पैसा मग खर्चावा.

गाडी थंड होऊ द्या. मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. आता मागचे चाक हाताने फिरवा. चेनमुळे थोडे जड लागेल, ते चालेल. पण अर्ध्या फेऱ्यात थांबले तर सळईच्या टोकाचा नट उलटा फिरवून सैल करा. चाक मोकळे झाले? मग दोष फक्त ब्रेक आवळल्याचा. पायडल साधारण २ ते ३ सेंटिमीटर खाली गेल्यावर ब्रेक लागायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ते पुस्तक पेटीत पडून असेल. आता वाचता येते, तर काढा बाहेर! नट फिरवल्यावर त्याची खाच लिव्हरच्या पिनेवर नीट बसली आहे ना, तेही पाहा.

हा ब्रेक आवळतो कसा, ते कळले पाहिजे. चेन सैल झाली की आपण ती ताणून घेतो. त्यासाठी चाक थोडे मागे सरकवावे लागते. चाकाबरोबर लिव्हरही मागे जातो. सळई मात्र तेवढीच! मग ती आपोआप ताणली जाते, आणि आपण पाय न लावताही ब्रेक लागून राहतो. चेन ताणली की ब्रेक पुन्हा जुळवायचा, हे कधी विसरू नये. गाडीवर ओझे किंवा माणूस बसवूनही चाक एकदा फिरवून पाहावे.

नट सैल करूनही चाक मोकळे झाले नाही, तर लिव्हराकडे बघा. एकाने पायडल दाबून सोडावे. लिव्हर चटकन मागे येतो का? रेंगाळला तर सळई काढून लिव्हर हाताने हलवा. तो जड असेल तर कॅम गंजला आहे. लिव्हर मोकळा, पण पायडलच वर येत नसेल, तर पायडलाचा खिळा चिखलाने धरला आहे. मागचा लाल दिवा जळतच राहिला, तर ती याचीच खूण असू शकते.

आपल्या भागात हा गंज फार. उल्हास नदीला पूर आला की बदलापूरच्या सखल वस्तीत पाणी शिरते. २६ जुलै २००५ चा पूर कोण विसरेल? २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली होती. अशा पाण्यात बुडालेल्या मोटारसायकली लोक पुसतात, इंजिनाचे तेल बदलतात, आणि चालू लागतात. ड्रम कोणी उघडत नाही. आत गाळ बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी कॅम धरू लागतो. पुरात गाडी बुडाली असेल तर मिस्त्रीकडून ड्रम उघडून घ्या. कॅमला ग्रीस लावायचे ते अगदी थोडे. लायनरला ग्रीस लागले तर ब्रेक गेलाच म्हणा. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. काही लायनरांत अॅस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा.

लायनर फार झिजले तरीही कॅम जास्त फिरून अडकतो. बऱ्याच गाड्यांत लिव्हराजवळ एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला, की लायनर संपले. तेव्हा मात्र नवे घालायलाच हवेत.

आणि कधीकधी दोष गाडीत नसतोच. तो पायात असतो! उल्हासनगरच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते. पाय पायडलावर टेकून राहतो. माणसाला कळतही नाही. चाक आपले तापते.

डिस्क ब्रेकाची गोष्ट निराळी. तो तेलाच्या दाबावर चालतो. तापत असेल तर मिस्त्रीकडेच न्यावा. त्यात इंजिनाचे तेल ओतू नये. काही नव्या गाड्यांत मागच्या पायडलाने पुढचा ब्रेकही लागतो. तिथे पायडल अडकले, तर पुढचे चाकही फिरवून बघा.

वाटेतच चाक धरले तर? गाडी कडेला घ्या. थंड होऊ द्या. नट सैल करा, चाक मोकळे करा. मग मागचा ब्रेक नाही असे धरून, ओझे उतरवून, अगदी हळू मिस्त्रीपर्यंत जा. माळशेज घाटासारखा उतार पुढे असेल तर जाऊच नका, टेम्पो बोलवा. ब्रेक चांगला असला तरी घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. इंजिन बंद करून तर मुळीच उतरू नये. सारा भार ब्रेकावर पडतो. वाटेत ड्रम तापलाच, तर अर्धा तास सावलीत थांबा. बादलीने पाणी मात्र ओतू नका. तापलेले लोखंड एकदम गार झाले की वाकते, कधी तडकते.