जिभेवर राहिलेली राजधानी

एखादें जुनें शहर पाहावयास चला असें म्हटलें, कीं आपण सुशिक्षित मंडळी पहिला प्रश्न करतों तो हा, कीं तेथें पाहण्यासारखें काय आहे? दौलताबादेस किल्ला आहे, वेरुळास लेणीं आहेत, विजापुरास घुमट आहे. तेथें जाण्याचें प्रयोजन कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. परंतु वऱ्हाडांतील वाशिमाविषयीं हाच प्रश्न कोणीं केला, तर चांगला माहितगार गृहस्थही क्षणभर थबकतो. सोळाशें वर्षांपूर्वीं हें नगर एका राजकुलाची राजधानी होतें. पण त्या राजकुलाचा वाडा दाखवा म्हटलें, तर तो दाखवितां येत नाहीं.

म्हणूनच आज नभोवाणीच्या द्वारें मी आपणांस वाशिमास घेऊन जाणार आहें. तेंही गाडींतून न जातां पायीं. वाटेंत तीन ठिकाणीं थांबून आपण तोंड गोड करूं. मुलांनीं बरोबर यावें म्हणून हें आमिष दाखविलें आहे असें कोणास वाटेल. परंतु ह्या शहराचा इतिहास समजून घेण्याची हीच एक नीट रीत आहे असें माझें मत आहे, आणि तें कां, हें फेरी संपेपर्यंत आपणांस कळेल अशी आशा आहे.

निघण्यापूर्वीं नांवाची ओळख करून घेऊं. वाशिमाचें जुनें नांव वत्सगुल्म. वत्स नांवाच्या ऋषीनें येथें तप केलें व तेथें देवांचा समुदाय जमला, म्हणून हें नांव पडलें असें स्थानमाहात्म्य सांगतें. कामसूत्राचा टीकाकार निराळेंच सांगतो: दक्षिणापथांत वत्स आणि गुल्म नांवाचे दोघे राजपुत्र सख्खे भाऊ होते, त्यांनीं वसविलेला तो हा देश. ह्यांतील खरें कोणतें, हा वाद आपण बाजूस ठेवूं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, कीं वत्सगुल्माचें प्राकृतांत वच्छोम झालें, आणि पुढें लोकांच्या तोंडीं घासतां घासतां त्याचें वाशीम झालें.

आतां चालूं लागूं. पहिला मुक्काम बालाजीच्या देवळाचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत नागपूरकर भोसल्यांच्या पदरीं असलेल्या भवानी काळू ह्यांनीं हें देऊळ बांधविलें. येथील मूर्ती मोंगलाईच्या धामधुमींत जमिनींत पुरून ठेविल्या होत्या व पुढें माती उकरतांना सांपडल्या, अशी आख्यायिका आहे. देवळालगत देव तलाव आहे. दर्शन घेऊन तलावाच्या कांठीं घटकाभर बसावें, आणि बसल्या बसल्या हातावर एक पेढा घ्यावा. हा आपला पहिला घांस.

देवाच्या दारीं पेढाच कां मिळतो, ह्याचा आपण कधीं विचार केला आहे काय? म्हशीचें पांच लिटर दूध आटविलें म्हणजे सुमारें एक किलो खवा हातीं लागतो. दुधांतील पाणी गेलेलें असतें आणि साखरेची जोड मिळालेली असते, म्हणून पेढा कांहीं दिवस टिकतो. यात्रेकरू तो पदराला बांधून आपल्या गांवीं नेतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस वांटतो. जो यात्रेस गेला नाहीं त्यासही देवाचा वांटा पोंचतो. आणि ह्या पदार्थाचें नांव पाहा. पेढा हा संस्कृत पिंड शब्दाचा वंशज आहे. पिंड म्हणजे गोळा. संस्कृतांतील शब्द प्राकृताच्या वाटेनें मराठींत आला, आणि ज्या वाटेनें वत्सगुल्माचें वाशीम झालें त्याच जातीच्या वाटेनें आला.

ह्या ठिकाणीं ताम्रपटाची हकीकत सांगणें योग्य होईल. १९३९ सालीं ह्याच वाशिमांत एक ताम्रपट उजेडांत आला. चवथ्या शतकांतील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्यानें आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षीं वत्सगुल्माहून तो दिलेला आहे. नांदेडच्या प्रदेशांतील एक गांव ब्राह्मणांस दान दिल्याचा मजकूर त्यावर आहे. वाकाटक घराण्याची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्मास नांदत होती, आणि पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा तिचा मूळपुरुष, ही गोष्ट त्या पत्र्यांवरून निश्चित झाली. ह्याच शाखेंत पुढें हरिषेण झाला, आणि त्याचा मंत्री वराहदेव ह्यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. म्हणजे अजिंठ्यास जाऊन जें वैभव आपण डोळे भरून पाहतों, त्याची गादी येथें होती.

परंतु त्या ताम्रपटाची मला वाटणारी मौज आणखी एक आहे. त्यांतील राजवंशाची हकीकत संस्कृतांत आहे, आणि दानाचा व्यवहार प्राकृतांत. मोठेपणा सांगावयाचा तर संस्कृतांत, आणि गांवच्या लोकांस कोणता कर माफ, कोणाचा अधिकार कोठवर, हें सांगावयाचें तर लोकांच्या बोलींत! एकाच तांब्याच्या पत्र्यावर दोन भाषा सुखानें नांदत आहेत. आतां आपण बाजारांत जाऊं, म्हणजे एकाच मिठाईच्या ताटांत तीन-चार भाषा नांदतांना दिसतील.

बाजारांत कोणत्याही मिठाईवाल्याच्या दुकानासमोर उभे राहा आणि मुलांस पदार्थांचीं नांवें वाचावयास सांगा. लाडू हा संस्कृत लड्डुक. बर्फी ही फारशी बर्फ शब्दावरून आलेली. हलवा अरबी. गुलाबजामांतील गुलाब फारशी, तर जाम म्हणजे आपलें घरचें जांभूळ. साखर ही मूळची आपली शर्करा. तीच पुढें इराणांत जाऊन शकर झाली, अरबस्तानांत सुक्कर झाली आणि युरोपांत पोंचली. बहामनी, इमादशाही, मोंगल, निजाम आणि भोसले, इतक्यांचे अंमल वऱ्हाडानें पाहिले. त्यांतील किती राजांचीं नांवें आपणांस क्रमानें सांगतां येतील? परंतु त्या काळाची देवघेव ह्या ताटांत जशीच्या तशी मांडून ठेविली आहे.

येथें आपला दुसरा घांस, गरम जिलबीचा. ही मूळची अरबी झुलाबिया. दहाव्या शतकांतील बगदादच्या पाकशास्त्राच्या ग्रंथांत ती आहे. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं जिलबीच्या पूर्वेतिहासाचा माग काढला. पंधराव्या शतकांतील एका जैन ग्रंथांत तिचा उल्लेख सांपडतो, आणि सतराव्या शतकांतील रघुनाथाच्या भोजनकुतूहल नामक संस्कृत ग्रंथांत तर तिची कृतीही आहे. परदेशांतून आलेली ही पाहुणी आपल्या लग्नाच्या पंगतींत इतकी रुळली, कीं आतां तिला परकी म्हणावयास कोणी धजणार नाहीं. जिलबीचा स्वभाव पेढ्याच्या अगदीं उलट. आंबविलेलें पीठ कढईंत सोडावें, पाकांत बुडवावें आणि लागलीच पानांत घ्यावें. ती गांठोडींत बांधून नेण्याची वस्तु नव्हे. पेढा गांवाची कीर्ति बाहेर नेतो. जिलबी माणसाला गांवांत बोलावून घेते.

तोंड पुसून आतां तिसऱ्या टप्प्याकडे चलावें. वाशिमाच्या परिसरांत १०८ तीर्थें आहेत अशी श्रद्धा आहे. त्यांतील पद्मतीर्थ प्रसिद्ध. तें पाहून मध्यमेश्वराच्या देवळाशीं यावें. ह्या देवाच्या नांवाचा संबंध आमच्या ज्योतिषाशीं जोडला जातो. लंकेपासून मेरूपर्यंत पृथ्वीची जी मध्यरेषा प्राचीन ज्योतिष्यांनीं मानिली, ती येथून जाते असें परंपरा सांगते. ह्याला ग्रंथाचा आधारही आहे. भास्कराचार्यांच्या करणकुतूहल ग्रंथांत मध्यरेषेवरील स्थानांची यादी आहे. तींत कांची, उज्जयिनी, कुरुक्षेत्र ह्यांच्या पंक्तीला वत्सगुल्माचें नांव आहे. आजच्या मोजणीनें पाहिलें तर उज्जयिनी व वाशीम एका रेषेवर पडत नाहींत. दोहोंच्या रेखांशांत सव्वा अंशाहून थोडें अधिक अंतर आहे. घड्याळावांचून केलेल्या त्या मोजणींत एवढा फरक राहिला, ह्यांत नवल नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ही यादी श्लोकबद्ध होती. वाशिमाचें राजवैभव लयास गेल्यावर शेंकडों वर्षें, ज्यांनीं हें शहर स्वप्नांतही पाहिलें नव्हतें असे ज्योतिषाचे विद्यार्थी, वत्सगुल्म हें नांव रोज घोकीत होते.

राजधानीची अशी सोय पुष्कळांनीं करून ठेविली आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभाच्या सुमारास राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचा विवाह कोठें लाविला? वत्सगुल्मास! स्वतः सर्वसेन राजा कवि होता. सत्यभामेसाठीं श्रीकृष्णानें पारिजात आणिल्याच्या कथेवर त्यानें हरिविजय नांवाचें प्राकृत काव्य रचिलें. तें काव्य आज उपलब्ध नाहीं. परंतु आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनीं त्याची वाखाणणी केली, इतरांनीं त्यांतील गाथा उदाहरणादाखल दिल्या, आणि तेवढ्या मात्र वांचल्या. पोथी गेली, दुसऱ्याच्या तोंडीं जें होतें तें राहिलें.

आतां तिसरा घांस, आणि हा दुकानांतला नसून घरचा घ्यावा. वऱ्हाडी घरांत थंडीच्या दिवसांत डिंकाचे लाडू होतात; बाळंतिणीसाठीं तर ते हटकून करतात. डिंक, खारीक, खोबरें, गूळ आणि त्यांत गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्याच्या आंतला मगज. ज्या बिब्याच्या तेलानें परीट कपड्यांवर खुणा करीत व त्या धुवून जात नसत, तोच हा बिबा. त्याच्या कवचांतील तेल अंगावर उडालें कीं कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग राहतात. वऱ्हाडांतील कित्येक गांवांत गरीब घरच्या बायका एक एक बिबा फोडून हा पांढरा, गोड मगज काढतात. लाडूंत तो दांताखालीं येतो तेव्हां बदामाची आठवण होते. पण ज्या हातांनीं तो काढला त्या हातांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. श्रोतेहो, आपल्या फेरींतील हा घांस गोड आहे, तरी तो थोडा थांबून खाल्ला पाहिजे. मुलांनीं विचारलें तर हेंही त्यांस सांगितलें पाहिजे, आणि गोडंबीचा भाव करतांना आपणही तें विसरूं नये.

कारण कारागिराचा विसर पडला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण ह्याच शहरांत आहे. १७६९ सालीं माधवराव पेशवे व जानोजी भोसले ह्यांच्यांत कनकापुरास तह झाला. त्यांत भोसल्यांनीं पेशव्यांस वर्षास वाशीम व बाळापूर येथें विणलेलें कापड द्यावें असें कलम होतें. तहांत ज्याचें नांव यावें असें तें कापड! आज वाशिमाची ती कीर्ति कोणाच्या तोंडीं आहे? कापडाचें नांव जिभेवरून उतरलें आणि त्याबरोबर विणकराचेंही उतरलें.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. ज्या शहराला किल्ला किंवा लेणें आहे, त्याला आपण विसरलों तरी दगड आपली आठवण देत राहतात. वाशिमासारख्या शहराला तो आधार नाहीं. इंग्रजी अमदानींत १९०५ सालीं येथला जिल्हा मोडला आणि १ जुलै १९९८ रोजीं तो पुन्हा झाला. कागदावरचें मोठेपण असें येतें आणि जातें. परंतु सोळाशें वर्षांत ज्या नांवाला एक दिवसही खंड पडला नाहीं, तें बाजारांतल्या, देवळांतल्या, स्वयंपाकघरांतल्या माणसांनीं बोलून बोलून राखिलें. आतां आपल्या घरचीं मुलें शिक्षणासाठीं पुण्या-मुंबईस आणि त्यापलीकडे जात आहेत. तळ्याचें नांव, लाडवांतल्या जिनसांचीं नांवें आणि त्या जिनसा करणाऱ्या हातांची ओळख जर त्यांच्या तोंडीं आली नाहीं, तर ती परत आणून देणारा दुसरा ताम्रपट कोठेंही पुरलेला नाहीं.

तेव्हां येत्या सुटींत घरांतल्या वडील माणसांस बरोबर घ्या. आजीला पुढें चालूं द्या. तिला ठाऊक असलेलीं नांवें पुस्तकांत सांपडावयाचीं नाहींत. घाई करूं नका. प्रत्येक मुक्कामीं एक घांस, आणि प्रत्येक घांसाबरोबर एक नांव, इतका नेम ठेवा. वाशीम ज्यांना दूर पडतें त्यांनीं आपल्याच गांवच्या बाजारपेठेंतून अशी एक फेरी काढावी. गोडाची चव घटकाभरानें जिभेवरून जाईल. नांव मात्र राहूं द्या.