मोटारीच्या स्टार्टरला कोणतं नेटवर्क?

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तरी बारामती-इंदापूरच्या शिवारात, नीरा डाव्या कालव्यालगत किंवा उजनी धरणाच्या काठाला, घरबसल्या पाण्याची मोटार चालू-बंद करणारे कितीतरी मोबाईल स्टार्टर २जीवरच चालतात. यात मागासलेपण काही नाही. स्टार्टरला एक कॉल किंवा एसएमएस पुरतो आणि २जीच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर, उभ्या उसातूनही बऱ्यापैकी पोचतात. ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा माहिती कैकपट वेगानं वाहतो, पण त्याचा पल्ला तोकडा. टॉवर जवळ हवा.

फक्त स्टार्टरचंच असं नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं ऊसशेतीचे प्रयोग झाले आहेत. अशा शेतीतही मातीतला सेन्सर ओलाव्याचे मोजके आकडेच पाठवतो. वेग लागतो तो मोठी छायाचित्रं आणि व्हिडिओ पाठवताना.

म्हणून स्टार्टर घेताना दुकानदाराला जरूर विचारा, हा कशावर चालतो? प्रत्येक मोबाईल कंपनीकडे २जी असेलच असं नाही. नसेल, तर तिचं सिम जुन्या २जी स्टार्टरमध्ये चालणार नाही. माझ्या मते ४जी आणि २जी दोन्हींवर चालणारा घ्यावा. आणि पैसे देण्याआधी विहिरीपाशी उभं राहून रेंज बघा. घरी मिळते ती तिथं मिळेलच असं नाही.