पात्र आहात, पण नोंद आहे का?

(अंबरनाथ येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोष्ट २०१४ची. मला पहिली नोकरी लागून आठ महिने झाले होते. काम अमेरिकेतल्या आरोग्यविम्याच्या सॉफ्टवेअरचं. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. त्या वर्षी १ जानेवारीपासून तिची व्याप्ती वाढली. कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या प्रौढांनाही त्यात घ्यायचं ठरलं. पण न्यायालयाच्या २०१२च्या निकालामुळे हा निर्णय प्रत्येक राज्यावर सोपवला गेला. काही राज्यांनी नकार दिला आणि तिथले अनेक गरीब मधल्या फटीत अडकले. कोण पात्र, कोण अपात्र, हे तपासणारा कोड मी दिवसभर चाचपून बघायचो.

त्याच वर्षी एका रात्री अब्बांच्या छातीत दुखू लागलं. ते इथल्याच आनंदनगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर होते. पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जायचे, पण विमा क्रमांक कधी हातात आला नव्हता. नंतर कळलं, ठेकेदाराने नोंदच केली नव्हती.

आमच्याकडे केशरी रेशनकार्ड होतं. राजीव गांधी जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली होती, म्हणजे अब्बा पात्र होते. रुग्णालयही योजनेतलं होतं. काउंटरवरच्या माणसाने रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून पाहिलं. एकावर ‘महमद’, दुसऱ्यावर ‘मोहम्मद’. म्हणाला, “नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा.” रात्रीचे दोन वाजले होते! अम्मीच्या बांगड्या गेल्या, मामूंनी उसने दिले आणि आम्ही १ लाख ८० हजार भरले. अब्बा वाचले. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात, अशी तरतूद योजनेत होती. ती आम्हाला कोणी सांगितली नाही, आणि मीही विचारलं नाही. परक्या देशातल्या माणसांची पात्रता तपासणाऱ्या मुलाने आपल्या बापाचे दोन कागद कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. हे मला आजही टोचतं.

आता परिस्थिती बदलली आहे. २०१७ मध्ये या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. जुलै २०२३च्या शासन निर्णयाने तिची दारं सगळ्या रेशनकार्डधारकांना उघडली, पांढऱ्या कार्डालासुद्धा. दर कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली. हा मोठा निर्णय आहे आणि त्याचं स्वागत केलंच पाहिजे.

पण फटी बुजलेल्या नाहीत. आपल्या एमआयडीसीकडे पाहा.

पहिली फट ठेकेदारीची. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर ईएसआयसी लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्यात दवाखाना, औषधं, आजारपणातल्या रजेचा भत्ता, सगळं कुटुंबासह किंवा कामगारासाठी मिळतं. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. हे किती हेल्परांना माहीत आहे?

दुसरी फट त्यांची, जे ईएसआयसीत बसतच नाहीत. उल्हासनगरच्या जीन्सच्या छोट्या गाळ्यांतले शिलाई कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांना फुले योजनेचाच आधार. ती मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांची. बीपीच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. त्यासाठी सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहणं मोफत नसतं. म्हणून गोळ्या चुकतात, आणि एक दिवस माणूस थेट आयसीयूत पोचतो.

तिसरी फट नावाची. आपल्या घरांत ही जास्त. शेख कुठे ‘एसएचएआयकेएच’, कुठे ‘एसएचईआयकेएच’. लग्न होऊन आलेल्या बहिणीचं नाव अजून भिवंडीला माहेरच्या कार्डावर. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराचं कार्ड गावाकडे. आयुष्मानच्या यादीत नाव असेल तर त्याला इथेही उपचार मिळतात, नसेल तर फुले योजनेत त्याला जागा नाही. दहा वर्षं इथल्या यंत्रावर राबूनही नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा माणसांना ‘अपवादात्मक केस’ म्हणतो. एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहा. अपवाद कोण आणि नियम कोण, ते कळेल.

म्हणून सरकारकडे मागणी स्पष्ट हवी. स्पेलिंगच्या फरकावरून उपचार अडू नयेत. जो इथे राहतो आणि राबतो, त्याला इथलं संरक्षण मिळावं. रोजच्या गोळ्या कामगार वस्तीत, संध्याकाळी मिळाव्यात. ही मागणी फक्त आपल्या समाजाची नाही. ‘पाटील’ आडनावाच्या हेल्परचा विमा क्रमांकही ठेकेदाराच्या खिशातच असतो.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. आज घरी गेल्यावर सगळ्यांचं रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवा, अक्षर न अक्षर जुळवा. चुकलं असेल तर शिधावाटप कार्यालयात अर्ज द्या. आयुष्मान कार्ड काढून ठेवा. पगारातून ईएसआयसी कापत असतील तर दहा अंकी विमा क्रमांक मागा आणि पैसे खरंच भरलेत का, ते ऑनलाइन तपासा. रुग्णालयात गेलात तर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा.

आणि मग शेजारच्या दहा घरांचं हेच करा. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, बघू नका. तुमच्या हातात मोबाइल आहे, तुम्हाला फॉर्म भरता येतो. आमच्या घरी त्या रात्री एवढंच कमी पडलं होतं.